खोट्या बाईचं पाकीट

२ फेब्रुवारी

मिरे,

थोरल्या बहिणीने पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहायचे असतात. सध्या माझ्याकडे शिल्लक नाहीत, तेव्हा त्यावाचून भागव.

काल रविवार, म्हणजे आईकडे जायचा माझा दिवस. (तुझा बुधवार. आईने आपल्याला चांगलं वाटून घेतलंय, एकमेकींची सावलीही पडायला नको.) जिना चढण्याआधी टपालपेटीत हात घातला, तर वरच एक लांबट पांढरं पाकीट. कोपऱ्यात उशीवाल्यांचा शिक्का. तुझे उशीवाले. आपलं ऑफिस सोडून तू स्वतःचं थाटलंस आणि ज्यांचं वार्तापत्र लिहायला घेतलंस, ते. पत्ता आईचा. आणि नाव आपल्या खोट्या बाईचं.

खोटी बाई तू विसरली असशील असं मला वाटत नाही, पण कानांवर हात ठेवशील म्हणून सगळं लिहूनच काढते. अकरा वर्षांपूर्वी गादीवाल्यांनी आपल्याला पहिलं काम दिलं: दर दोन महिन्यांनी चार पानी वार्तापत्र, गादी विकत घेतलेल्या प्रत्येक घरी. तेव्हा छापखानेवाल्या काकांनी आपल्याला ती युक्ती सांगितली. वाचकांच्या यादीत एक नाव खोटं पेरून ठेवा. माणूस जगात नाही, पत्ता मात्र आपल्या घरातला. म्हणजे अंक वेळेवर पोचतो का ते कळतं, आणि उद्या कुणी यादी चोरली, तर चोराचं पाकीट आपण होऊन आपल्या दारात येतं.

ते नाव आपण दोघींनी बनवलं होतं. तू तर तिला नवरापण दिला होतास, बोटीवर नोकरीला असलेला, आणि गुडघेदुखी, आणि गाण्याची आवड. आई तिला अजून "आपली भाडेकरू" म्हणते. हे नाव जगात आणखी कुठल्याही यादीत नाही. फक्त गादीवाल्यांच्या. चौदाशे घरांची ती यादी मी एकेक कार्ड जमवून दहा वर्षांत उभी केली.

म्हणजे तू जाताना फक्त टेबलावरचा दिवा नेलास असं मला वाटलं होतं, ते चूक. यादीही नेलीस.

पाकीट मी उघडलेलं नाही. प्लास्टिकच्या पिशवीत घालून, वर कालची तारीख टाकून ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये कुलपात ठेवलं आहे. पुरावा जसा सापडला तसाच ठेवायचा असतो. आईला काही बोलले नाही. तिला कशाला त्रास.

गादीवाल्यांना कळलं तर ते सरळ वकिलाची नोटीस धाडतील. उशीवाले तुला दुसऱ्या दिवशी काढतील. आणि आपल्या धंद्यात यादी चोरणारी म्हणून एकदा नाव झालं, की कुणी तुला साधं लग्नाचं आमंत्रणही लिहायला देणार नाही. हे मी धमकी म्हणून लिहीत नाही. म्हणजे थोडं धमकी म्हणूनही लिहिते. वीस तारखेपर्यंत मला लिहून कळव की यादी घेतली, आणि ती परत कर. गादीवाल्यांना मी सांभाळते.

ताई

११ फेब्रुवारी

मिरे,

नऊ दिवस झाले, तुझं उत्तर नाही. निरपराध माणूस पहिल्याच दिवशी फोनवर ओरडला असता. मी असते तर ओरडले असते.

मी गप्प बसलेली नाही. शुक्रवारी उशीवाल्यांच्या दुकानात (आता तेही गाद्या विकतात) जाऊन आले, गिऱ्हाईक म्हणून. तिथल्या विक्रेत्या मुलीने मला तीन गाद्यांवर झोपवलं, एकीवर तर कूसही बदलायला लावली. मी मुकाट्याने बदलली. निघताना तिने तुझं माहितीपत्रक हातात दिलं. तेच हवं होतं.

बसमध्ये बसून वाचलं. मथळा: "तुमची पाठ तुमच्याशी शेवटचं कधी बोलली?" मला नाक मुरडायचं होतं, पण बस आमच्या थांब्यावरून पुढे निघून गेली तरी मी वाचतच होते. आत सगळं मी शिकवलेलं. एका पानावर एकच गोष्ट सांगायची. गादीचे गुण मोजत बसायचं नाही, सकाळी उठल्यावर माणसाला काय वाटेल ते सांगायचं. कारखान्याच्या इमारतीचा फोटो टाकायचा नाही, कारण इमारतीवर कुणी झोपत नाही. आणि सर्वांत शेवटी एकच मागणं मागायचं, वाचणाऱ्याला जागेवरून न उठता पुरं करता येईल असं. तेही केलंयस. शेवटच्या घडीत उत्तराचं कार्ड आहे: नाव-पत्ता भरा, पेटीत टाका, वार्तापत्र घरी येईल. फक्त त्या कार्डावरच्या रेघा आखूड आहेत. लांब आडनावाच्या माणसाने काय करायचं? एवढं मात्र तू कधी शिकली नाहीस.

वाईट वाटलं. इतकं चांगलं लिहिता येत असताना यादी कशाला चोरायची? तू नुसतं मागितलं असतंस तर... नाही, दिली नसती. खोटं कशाला लिहू.

कुणाकुणाचा संशय घ्यायचा तेही मी करून बघितलं, एकदम तुझ्यावर आले असं समजू नकोस. छापखानेवाले काका: त्यांच्याकडे पत्त्यांच्या चिठ्ठ्या छापायला जातात, पण ते आठवड्याचा वारही विसरतात, यादी काय विकणार. गादीवाल्यांचा हिशेबनीस: त्याचं तुझ्याबद्दल मत चांगलं आहे, म्हणून त्याच्यावर लक्ष ठेवून आहे. आईच्या शेजारीण बाई: त्यांना टपालपेटीत डोकवायची सवय आहे, पण डोकवण्याने नाव छापून येत नाही. फिरून फिरून बोट तुझ्यावरच येतं.

गादीवाल्यांना अजून मी काही बोललेले नाही. वीस तारीख लक्षात ठेव.

ताई

१९ फेब्रुवारी

मिरे,

तुझं कार्ड आलं. मी दोन पत्रं लिहिली, चार पानं भरून, आणि तू पाठवलेस तीन शब्द: "पाकीट उघडलंस का?" खाली सहीसुद्धा नाही.

हे उत्तर झालं? प्रश्नाला प्रश्न. लहानपणी आईचा आरसा तू फोडलास, तेव्हाही हेच केलं होतंस. "आरसा कुणी फोडला?" तर तू म्हणालीस, "कुठला आरसा?" तर ऐक: नाही उघडलं. उघडणारही नाही. उघडलं की तुझे वकील म्हणतील मीच आत काहीतरी घातलं. तुला तेच हवंय ना? मी इतकी दूधखुळी नाही.

आता एक कबूल करायचं आहे. मागच्या पत्रात लिहिलं की गादीवाल्यांना काही सांगितलं नाही. ते खरं नव्हतं. पाच तारखेलाच सांगितलं होतं. त्यांनी सहज विचारलं, "धाकट्या बाईंचं कसं चाललंय?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं. निघून गेलं असं आता लिहिते आहे. खरं तर बसमध्ये मी मनात वाक्यं जुळवतच गेले होते.

ते काही आकांडतांडव करणारे नाहीत, तुला माहीत आहे. खुर्चीत पुढे सरकले, टेबलावरचा फोमचा तुकडा दाबला, सोडला, परत दाबला. मग म्हणाले, "बाई, ती तुमची बहीण आहे. तुमची खात्री आहे ना?" मी म्हटलं, "खात्री नसती तर आले असते का?"

आज त्यांच्या वकीलबाईंकडे पाकीट दिलं. त्यांनी पाकीट कापायला पट्टी उचलली, तर मी त्यांचा हात धरला. म्हटलं, "बंद राहू दे. नाव बाहेर आहे, आतलं आपल्या कामाचं नाही." त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं आणि पाकिटावर स्वतःच्या सहीचा कागद चिकटवला.

वीस तारखेला एक दिवस होता. तो मी थांबले नाही. तुझ्या त्या तीन शब्दांनी डोकं फिरलं.

ताई

१४ मार्च

मिरे,

नोटीस उशीवाल्यांना पोचली आणि त्यांनी तुझं काम काढून घेतलं, हे मला छापखान्यात कळलं. तुझा पुढचा अंक यंत्रावर चढला होता, तो उतरवला. पहिलं पान छापून झालं होतं. काकांनी त्या पानांचे गठ्ठे उलटे करून ठेवले आहेत, मागच्या कोऱ्या बाजूला नमुने काढायला.

मला बरं वाटायला हवं होतं. गादीवाल्यांनी मला चहा पाजला, "तुम्ही घरचं-दारचं बघितलं नाहीत, खरं ते केलंत," असं म्हणाले. तो चहा मी अर्धा ठेवला.

काका मात्र माझ्याशी नीट बोलत नाहीत. आल्यावर स्टूल पुढे करायचे, आता शाईचे हात पुसत उभे राहतात आणि मीही उभी. शेवटी मी विचारलंच, "काय झालंय, काका?"

"काही नाही. तुमचं नमुना-पान बघा आणि सही करा."

"काका."

"धाकटी इथं बसून कार्डं लावायची हो. उत्तराची. हाताने. पेटी घेऊन यायची आणि माझ्या यंत्राच्या गडबडीत एकेक कार्ड वाचून वहीत नाव उतरवायची. एखाद्याने काही चार ओळी जास्त लिहिल्या असल्या तर मला वाचून दाखवायची. ज्या मुलीच्या पिशवीत आयती चौदाशे नावं आहेत, ती असं कशाला करेल?"

माझ्याकडे उत्तर तयार होतं. म्हटलं, "दाखवायला." काकांनी मान हलवली आणि यंत्र सुरू केलं, म्हणजे पुढे बोलायलाच नको.

खरं सांगते, तेव्हा पहिल्यांदा मनात पाल चुकचुकली. पण मी तिला हुसकावली. एकदा नोटीस गेल्यावर शंका काढून करायचं काय? आणि तुझ्याबद्दल वाईट वाटून घ्यायला मला एक अडचण आहे: वाईट वाटून घेतलं तर त्या आधीचंही काढावं लागेल.

तेही काढते, आता पत्र सुरूच झालंय तर. तू भांडून गेलीस असं मी सगळ्यांना सांगते. भांडण झालंच नव्हतं. गादीवाल्यांचा तो अंक पहिल्यांदाच पूर्ण तुझा होता. पहिल्या पानावर तू त्या ट्रकचालकाबद्दल लिहिलं होतंस, ज्याला अठरा वर्षांनी स्वतःच्या अंथरुणात झोप लागली. मजकूर छापखान्यात गेल्यावर मी तिथे जाऊन तो बदलला. ट्रकचालक काढला, गादीचे थर किती ते घातलं. तुला सांगितलं नाही. तू अंक हातात घेतलास, पहिलं पान वाचलंस, दिव्याची वायर काढून गुंडाळलीस आणि गेलीस. मी म्हटलं, "अगं, जेवून तरी जा." एवढंच म्हटलं.

ट्रकचालकाचा मजकूर चांगला होता म्हणून बदलला. वाईट असता तर तुझ्यासमोर बदलला असता.

ताई

२३ मार्च

मिरे,

बस खाली. उभी असशील तर.

काल रविवारी आईकडे गेले. दार उघडंच होतं. आई टेबलाशी बसली होती, चष्मा लावून, पट्टी आणि बॉलपेन घेऊन. मला पाहिल्यावर तिने हाताखालचा कागद वर्तमानपत्राने झाकला. आपली आई! टेलिफोन केंद्रात तीस वर्षं बसून जिने कुणाचं एक बोलणं बाहेर सांगितलं नाही, तिला कागद मात्र झाकता येत नाही. कोपरा बाहेर राहिला होता. आखूड रेघा. तुझं कार्ड.

"आई, काय लिहितेस?"

"काही नाही गं. तू पाणी पी आधी."

मी वर्तमानपत्र उचललं. कार्डावर खोट्या बाईचं नाव, निम्मं भरून झालेलं. आडनाव रेघेत मावलं नव्हतं, शेवटची दोन अक्षरं तिने खाली चिकटवली होती.

मी ते दोनदा वाचलं. मग आई चिडली. तिचं चिडणं तुला माहीत आहे, आवाज खाली जातो.

"अशी बघतेस काय? जानेवारीत एकदा पाठवलं, तर अजून काही आलं नाही. म्हणून परत भरतेय. पेपरातून तो कागद आला, उशीवाल्यांचा. पहिली ओळ वाचली आणि कळलं, हे मिरीचं. ती प्रश्नाने सुरू करते, तू हुकमाने. मला वाटलं, दर महिन्याला तिचं लिहिलेलं घरात येईल. बुधवारी येते तेव्हा नुसती माझी औषधं मोजते, स्वतःचं काही सांगत नाही."

"मग स्वतःच्या नावाने मागवायचं होतंस!"

"आणि तू बघितलं असतंस म्हणजे? आईने पक्ष घेतला म्हणाली असतीस. तुझं डोकं मला माहीत नाही? म्हणून भाडेकरणीचं नाव घातलं. खोटीच आहे, तिचं कोण काय वाकडं करणार आहे?"

मिरे, अकरा वर्षं आपण त्या नावाच्या जिवावर चोराची वाट पाहिली. आणि आईने ते नाव स्वतःच्या हाताने कार्डावर लिहून, तिकीट लावून, कोपऱ्यावरच्या पेटीत टाकलं. यादी कुणीच चोरली नव्हती. मी तिला एकदा विचारलं असतं, "आई, हे पाकीट कसं आलं गं?" तर संपलं होतं. दोन जिने चढायचे होते. मी पाकीट पर्समध्ये लपवून वर गेले, आईच्या हातचा चहा प्यायले आणि बोलले नाही. "तिला कशाला त्रास" असं तुला लिहिलं ना? खोटं. ती काहीतरी साधं कारण सांगेल, ही मला भीती होती. तुझ्यावर चोरीच यावी असं मला हवं होतं. चोरी असती, तर तू गेलीस त्यात माझा काही दोष उरत नव्हता.

आज सकाळीच वकीलबाईंकडे धावले. पाकीट फाइलीत तसंच होतं, सहीच्या कागदासकट. त्यांनी ते मला परत दिलं आणि म्हणाल्या, "तुमचाच धंदा ना हो, लोकांनी पाकीट उघडावं म्हणून लिहायचा?" पाकीट घेऊन निघाले. त्यांच्या जिन्यात, पहिल्या वळणावर, खिडकीच्या कट्ट्याशी उभी राहून बोटानेच फाडलं.

आत अंक. चार पानं. पहिल्या पानावर तो ट्रकचालक, तू लिहिला होतास तसाच, एक शब्द न बदलता. आणि वरच्या मोकळ्या जागेत निळ्या पेनने:

"ताई, आपल्या बाईचं कार्ड आलं. अक्षर फॉर्म भरायचं होतं तरी कळलं, तूच. फोन उचलून बोलायला तुला जड जातं, म्हणून असं केलंस ना? मी पण वीस महिने केला नाही. आता बुधवारी आईकडे ये. मी काही काढणार नाही. जेवूनही जाईन."

फॉर्म भरायचं अक्षर आपल्या तिघींचं एकच आहे, आईनेच शिकवलेलं. एकेक अक्षर सुटं, चौकोनात बसवल्यासारखं. तुला वाटलं मी मागवलं. तुला वाटलं मी हात पुढे केला. आणि त्याच आठवड्यात तुला माझं पत्र आलं: चोर.

मी जिन्यात बसून रडले. वरून एक गृहस्थ आले, त्यांना वाटलं निकाल विरुद्ध गेला. "अपील करता येतं," असं म्हणून गेले.

आता माझंही ऐक. तू तीन शब्दांऐवजी सात लिहिले असतेस, "आत माझी चिठ्ठी आहे" एवढं जरी घातलं असतंस, तर? पाकीट उघडलंस का, एवढ्यावरून मला काय कळणार? आणि गादीवाले म्हणाले म्हणून वकिलापर्यंत गेलं, मी एकटीने ठरवलं नव्हतं. खोटं नाव पेरायचं काकांनी शिकवलं. आईने निदान मला सांगायला हवं होतं. उशीवाल्यांनी तुझी बाजू ऐकून न घेता काम काढलं, हे तर सरळ त्यांचंच. माझ्या जागी दुसरं कुणी असतं तर त्यालाही असंच वाटलं असतं. पुरावा समोर होता. तरीही, सगळं धरून पाहता, मी चुकले. पण तूही जाताना एक शब्द बोलली नव्हतीस, हे विसरू नकोस.

सोबत एक कार्ड पाठवते, मीच छापून घेतलं आहे. येत्या रविवारी चार वाजता आईकडे ये. "येईन" आणि "येणार नाही" असे दोन चौकोन आहेत, एकात खूण कर आणि टाक. तिकीट लावलेलं आहे.

ताई

६ एप्रिल

मी चुकले.

यादी तू चोरली नव्हतीस. मी तुला न विचारता, आईला न विचारता, पाकीट न उघडता तुला चोर ठरवलं आणि तुझं काम घालवलं. त्या आधी तुझा मजकूर तुझ्या पाठीमागे बदलला, तेही मीच.

तुझं टपाल गेल्या आठवड्यात आलं. माझंच पत्र परत आलं होतं, तेवीस तारखेचं. तू लाल पेन्सिल घेऊन बसली होतीस. नऊ वर्षं मी तुझ्या कागदांवर जशा ओढायचे तशाच रेघा, आडव्या, सरळ, पट्टी न लावता. तुझे तीन शब्द आणि सात शब्द, खोडले. गादीवाले, काका, आई, उशीवाले, सगळे खोडले. "पुरावा समोर होता" यावर दोनदा रेघ. "सगळं धरून पाहता" खोडलं. मधली दोन पानं पूर्ण गेली, माझं रडणंसुद्धा. त्या गृहस्थांचं अपील तेवढं ठेवायला हरकत नव्हती. शेवटी उरले ते दोन शब्द, आणि समासात तुझं अक्षर: "मुद्दा पहिल्या ओळीत. हे कुणी शिकवलं होतं?"

कार्डावरच्या कुठल्याच चौकोनात खूण नव्हती.

मग मी आधी करायची कामं केली. उशीवाल्यांच्या मालकांना भेटले. वर जे लिहिलंय ते त्यांना तोंडाने सांगितलं आणि सही करून दिलं. त्याची प्रत जोडली आहे. ते तुला परत बोलावतील का, हे त्यांनी सांगितलं नाही. मी दोनदा विचारलं. छापखान्यात जाऊन तुझ्या पहिल्या पानाचे गठ्ठे मागून घेतले, काकांनी अजून एकच वापरला होता. ते माझ्या टेबलाखाली आहेत, सुलटे ठेवले आहेत. काकांनी स्टूल दिलं नाही, पण यंत्र बंद करून ऐकलं.

गादीवाल्यांनाही सांगितलं. त्यांनी फोमचा तुकडा दाबून धरला, सोडलाच नाही. म्हणाले, "बाई, मी खात्री विचारली होती." पुढचा अंक ते दुसऱ्या कुणाकडून करून घेणार आहेत. ते त्यांनी बरोबर केलं. नोटीस मागे घेतल्याचं पत्र त्यांनी उशीवाल्यांना पाठवलं, त्याचीही प्रत आत आहे.

खोटी बाई मी यादीतून काढली. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "बरं झालं, आता माझं नाव घाला."

नवं कार्ड सोबत आहे. त्यावर चौकोन नाहीत. रेघा लांब आखल्या आहेत, तुला वाटेल तेवढं लिहिता येईल असं बघितलंय. काहीच लिहायचं नसेल तर कोरं ठेव, मी परत विचारणार नाही.

शेवटी एकच मागायचं असतं. आधी मी "बुधवारी आईकडे येते" असं लिहिलं होतं. ते खोडलं.

मिरे, बुधवारी येऊ का?